6 बाय 4 चा सिरॅमिक व्हाईटबोर्ड आणि लाल चकतीचा टायमर : चटईच्या कारखान्यात पाच महिने वापरून

जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. मार्चच्या शेवटी आम्ही सकाळच्या मीटिंगसाठी हा बोर्ड घेतला, आता कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला सण, होऊन गेली, म्हणजे पाच महिने रोज वापरून मग लिहितोय. सोबत एक टायमर पण घेतला होता, त्याचंही सांगतो, पण मुख्य बोर्डच, कारण आमच्या मीटिंगचं जे भलं झालंय ते याच्यामुळे झालंय असं माझं ठाम मत आहे.

आधी काय व्हायचं ते सांगतो म्हणजे कळेल. साडेआठला शेठच्या केबिनमध्ये सगळे जमायचे, नऊ जण, खुर्च्या कमी म्हणून दोघं दाराशी, चहा यायचा, आणि मग सुरू व्हायचं ते पन्नास मिनिटं. नऊ माणसं गुणिले पन्नास मिनिटं म्हणजे रोजचे साडेसात तास, म्हणजे एका माणसाची जवळजवळ पूर्ण शिफ्ट. एवढं करून बाहेर पडल्यावर कोणाला विचारलं की काय ठरलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. आमच्याकडे तीन शब्द फार चालायचे, 'बघतो', 'होऊन जाईल' आणि 'सांगून ठेवलंय'. गिअरबॉक्सच्या एका ऑइल सीलवर आम्ही ओळीने पाच सकाळी बोललो, पाचही वेळा 'होऊन जाईल', आणि सहाव्या दिवशी मशीन बंद पडलं आणि गाडी रिकामी परत गेली. कोणी कामचुकार नव्हतं हो, मेंटेनन्सच्या नानांना वाटलं स्टोअरवाला मागवतोय, स्टोअरवाल्याला वाटलं नाना साइज देतील मग मागवू.

रजिस्टर ठेवून बघितलं, ते लिहिणारा सोडून कोणी उघडलं नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून बघितलं तर ते गुड मॉर्निंगच्या खाली दहा मिनिटांत गडप. मोबाईलमधलं अॅप पण केलं होतं, पण आमच्या लूमवाल्या, म्हणजे चटई विणायच्या मशीनवरच्या, मुलांचे मोबाईल शिफ्टमध्ये लॉकरला असतात, मग ते बघणार कोण. आणि बोर्ड पण हा पहिला नाही, आधी एक 4 बाय 3 चा साधा आणला होता चौदाशे रुपयांत. दोन महिन्यांत त्याच्यावर पुसलेल्या अक्षरांची सावली बसली, कालचं परवाचं सगळं मागे फिकट दिसायचं, आजचं डिस्पॅच कोणतं आणि गेल्या आठवड्याचं कोणतं हेच कळेना. हे छोटं वाटतं पण छोटं नाहीये, बोर्डवर जुनं-नवं एकत्र दिसायला लागलं की माणसं बोर्ड वाचायचंच सोडतात.

मग मी फुले मार्केटकडे एका जुन्या दुकानात गेलो, तिथल्या काकांनी अर्धा तास बसवून समजावून सांगितलं, त्यांचे खरंच आभार. एक साधा बोर्ड, वर नुसतं लॅमिनेट, ते शाई पितं. दुसरा पत्र्यावर पेंट मारलेला, लोहचुंबक चिकटतं पण रोज घासून घासून पेंट जातो. तिसरा सिरॅमिकचा, यात पत्र्यावर काचेसारखा थर भट्टीत वितळवून बसवलेला असतो. आपल्या आजीकडे पांढरे, निळ्या कडेचे कप-बशा असायचे ना, ज्यांचा टवका उडाला की आत काळं दिसायचं, तोच प्रकार. शाई आत जातच नाही, वरच राहते, म्हणून कोरड्या कपड्याने साफ निघते. आम्ही 6 बाय 4 घेतला, लोडिंग रिक्षाने कारखान्यात पोचवून 9,800 रुपये. शेठना आधी महाग वाटला, मी त्यांना ते साडेसात तासांचं गणित कागदावर करून दाखवलं, लगेच हो म्हणाले.

बसवताना अडचण आली. शेडला सगळा पत्रा, भिंत नाहीच, आणि बोर्ड चांगला जड, उचलायला चार जण लागले. मग आमच्याच फॅब्रिकेशनवाल्याने अँगलचा स्टँड वेल्ड करून दिला, लूम हॉलच्या तोंडाशी, जिथून जाता-येता सगळ्यांना दिसतो. केबिनमध्ये लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. उंची पण आधी नीट ठरवा, आमच्या पॅकिंगच्या ताया बऱ्याच बुटक्या आहेत, म्हणून वरचा फूटभर पट्टा कायमच्या गोष्टींना दिला आणि रोजचं लिहायचं त्याच्या खाली.

लिहायचं काय तर तीनच रकाने, काम, कोण, कधीपर्यंत. आणि एक नियम, ज्याने काम करायचं त्यानेच मार्कर हातात घेऊन आपल्या हाताने लिहायचं, दुसऱ्याने लिहिलेलं चालणार नाही. हा नियम मी पहिल्या दिवसापासून सोडला नाही. एक ऑपरेटर बिहारचा आहे, तो हिंदीत लिहितो, काही अडत नाही. नानांनी पहिल्या आठवड्यात जरा कुरकुर केली, या वयात शाळेत घातलं म्हणाले, पण ज्या दिवशी त्यांनी 'लूम 7 बेअरिंग, मी, गुरुवार' असं स्वतः लिहिलं त्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला हात काळे घेऊन बोर्डापाशी आले आणि त्याच काळ्या बोटाने ती ओळ पुसली. मी म्हटलं नाना उद्या केलं असतं तरी चाललं असतं, तर म्हणाले, "हाई मन्हं अक्षर शे, आते करनंच पडी." म्हणजे हे माझं अक्षर आहे, आता करावंच लागेल. तो तेलाचा डाग काढायला मला स्पिरिट लागलं, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

चुंबकांचा जो फायदा झाला तो तर मी विचारही केला नव्हता. आमच्याकडे रंगांवरून रोज भांडण असायचं. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिकचा दाणा वितळवणाऱ्या मशीनमध्ये, रंग बदलताना आधीचा रंग बॅरलमध्ये चिकटून राहतो, तो निघेपर्यंत जो माल पडतो तो सगळा वेस्टेज. फिक्यावरून गडदवर गेलं तर थोडक्यात भागतं, पिवळा, केशरी, लाल, मरून आणि शेवटी काळा. पण काळ्यावरून पिवळ्यावर जायचं म्हटलं की किती दाणा वाया जातो ते प्लान्टवाल्यालाच माहीत. डिस्पॅचवाला दादा म्हणणार मला आज पिवळी चटई पाहिजे, पार्टीचा फोन आलाय, प्लान्टवाला म्हणणार आत्ता काळा चालू आहे, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर. आता आम्ही प्रत्येक ऑर्डरचं त्या त्या रंगाचं चुंबक केलंय, वरच्या पट्ट्यात ते फिक्याकडून गडदकडे ओळीने लावलेले असतात. दादाला पिवळा मध्ये घुसवायचा असेल तर त्याने स्वतः येऊन चुंबक उचलून लावून बघायचं, मागचं-पुढचं काय हलतंय ते डोळ्यासमोर दिसतं. दहातल्या आठ वेळा तो स्वतःच म्हणतो, राहू द्या, उद्याच्या पहिल्या लॉटला घेऊ, मी पार्टीशी बोलतो. उरलेल्या दोन वेळा खरंच अर्जंट असतं आणि तेव्हा प्लान्टवाला पण अडवत नाही. जे भांडण वीस मिनिटं चालायचं ते दोन मिनिटांत मिटतं.

बोर्डासमोर खुर्ची नाही, सगळे उभे. ही कल्पना माझ्या मेव्हण्याची, तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यांच्या टीमची रोज 15 मिनिटांची अशीच उभ्याने मीटिंग असते. मला आधी वाटलं हे त्यांच्या एसीत ठीक आहे, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये कोण उभं राहणार, पण उलट शेडमध्येच ते जास्त लागू पडतं. याच्यावर अभ्यास पण झालेला आहे, अमेरिकेत मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी 1999 साली छापलाय, बसून मीटिंग घेणाऱ्या गटांना उभ्याने घेणाऱ्यांपेक्षा 34 टक्के जास्त वेळ लागला आणि निर्णय काही त्यामुळे जास्त चांगले झाले नाहीत. आमच्या एका सुपरवायझर दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना स्टूल ठेवलेलं असतं, तेवढं माणसाने बघायलाच पाहिजे.

आता टायमर. ऑनलाइन मागवला, गोल, 60 मिनिटांचा, जेवढा वेळ लावाल तेवढी लाल चकती दिसते आणि वेळ जाईल तशी ती लहान होत जाते. आम्ही 12 मिनिटं लावतो. कोणाला 'आवरा' म्हणावं लागत नाही, हे याचं मोठं काम, आपल्याकडे मोठ्या माणसाला मध्येच कसं थांबवणार, शेठ बोलत असले तर कोणाची टाप आहे, पण शेठ आता स्वतःच बोलता बोलता चकतीकडे बघतात आणि म्हणतात, बाकीचं नंतर बोलू. त्या 'नंतर'साठी बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात चौकोन आखलाय, ज्यावर दोघांनाच बोलायचंय ते तिथे लिहून ठेवायचं आणि त्या दोघांनी मीटिंग संपल्यावर थांबायचं, बाकीच्या सात जणांना कशाला उभं करायचं.

पण टायमरला मी पैकीच्या पैकी देणार नाही. बीप फार बारीक आहे, लूम चालू असताना ऐकूच येत नाही, नुसतं बघूनच कळतं. मागचं चुंबक कमजोर, दोनदा खाली पडला, आता तारेने बांधलाय. ऑफिसमध्ये वापरायचा असेल तर ठीक, कारखान्यात घ्यायचा असेल तर मोठ्या आवाजाचा बघा.

बोर्डाच्या तक्रारी पण सांगतो. शेडला वर उजेडाचे पारदर्शक पत्रे आहेत, दहानंतर त्यांचं ऊन बोर्डावर चमकतं आणि डाव्या बाजूचं काही दिसत नाही, आम्हाला स्टँड फिरवून ठेवावा लागला. चौकटीच्या एका कोपऱ्याचं प्लास्टिक महिन्यात निघालं, दुकानदार काकांनी दुसरं दिलं, पैसे घेतले नाहीत. मे महिन्यात इथे 44-45 डिग्री होतं, मार्करचं टोपण पाच मिनिटं उघडं राहिलं की मार्कर वाळला समजा, मे महिन्यात आमचे दोन डझन मार्कर गेले. सगळ्यात जपायचं म्हणजे ट्रॉलीचा वगैरे धक्का लागू देऊ नका, कडेला टवका उडाला की तिथून गंज धरणार. आणि एकदा कोणीतरी घाईत पॅकिंगच्या परमनंट मार्करने लिहिलं, सगळे घाबरले, पण त्याच्यावरच साध्या बोर्ड मार्करने गिरवून लगेच पुसलं की दोन्ही निघतं, हे लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. आमच्या क्वालिटीच्या ताई केबिनमध्ये कधी बोलायच्या नाहीत, म्हणजे बोलायला जायच्या आणि कोणीतरी मोठ्या आवाजात मध्येच सुरू व्हायचं, मग त्या गप्प बसायच्या. बोर्डावर त्यांनी एका सकाळी येऊन नुसतं लिहिलं, 'मरून लॉट, शिलाईची पट्टी सुटतेय, 11 नग', आणि बाजूला ते अकरा नग रचून ठेवले. त्याच्यावर आवाज चढवणार कोण? त्याच दिवशी पट्टीचा धागा बदलला. आता रोज मीटिंगची पहिली ओळ त्यांची असते, असं ठरवलेलं नाही, आपोआप झालंय, आणि मला वाटतं त्या आधीही हेच सगळं सांगत असणार, आम्ही ऐकलं नाही.

परवा कानबाईला तर बोर्डाची परीक्षाच झाली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, घरोघरी रोट, आमची निम्मी माणसं धुळ्याकडची, अमळनेर-पारोळ्याकडची, ती गावाला जाणारच आणि जायलाच पाहिजे. दरवर्षी सोमवारी सकाळी कळायचं की चार लूमला माणूसच नाही. यंदा तीन आठवडे आधी एक रकाना केला, ज्याला जायचंय त्याने नाव लिहा, बिनधास्त लिहा, कोणी विचारणार नाही. एकोणीस नावं आली. मग ज्यांच्याकडे कानबाई नसते त्यांनी स्वतःहून त्या दोन दिवसांच्या शिफ्ट वाटून घेतल्या आणि त्याच एकोणीस जणांनी पोळ्याला आम्ही थांबू असं खाली लिहून दिलं. सोमवारी दोनच लूम बंद राहिले, तेही मीटिंगमध्ये ठरवून बंद ठेवलेले.

रोज मीटिंग संपली की मी बोर्डाचा एक फोटो काढून ग्रुपवर टाकतो, म्हणजे रात्रपाळीला पण कळतं आणि कोणी चुकून पुसलं तरी राहतं.

घ्यायला जाल तेव्हा दुकानात नुसतं बघून येऊ नका. खिशात आपला मार्कर आणि आपल्याकडे जो कपडा वापरतात तोच कपडा घेऊन जा, बोर्डावर दोन ओळी लिहा, दहा-पंधरा मिनिटं तशाच राहू द्या, तोपर्यंत चहा घ्या, मग कोरड्या कपड्याने एकदाच पुसा आणि तिरक्या उजेडात बघा. सावली दिसली तर तो सिरॅमिक नाही, दुकानदार काहीही म्हणो. मी हे केलं तेव्हा काका म्हणाले, लिहा ना, त्यासाठीच तर आहे.