चिऱ्याच्या घरातलं वायरिंग: कुठे काय निवडावं

घराचं वायरिंग नव्याने करायचं ठरलं की दुकानात पहिली चर्चा होते ती स्विचच्या प्लेटींची. रंग कुठला, कंपनी कुठली, कडा गोल की चौकोनी. प्लेट आवडली नाही तर पाच वर्षांनी एका दुपारी बदलता येते. भिंतीत गेलेला पाइप, त्यातली वायर, प्लेटीमागची पेटी आणि जमिनीत पुरलेलं अर्थिंग मात्र एकदा गेलं की गेलं. गोव्यात या चार गोष्टींची निवड घाटावरच्या घरासारखी करून चालत नाही. जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस, पाणी शोषून धरणारा चिरा (जांभ्याचा दगड), किनारपट्टीची खारी हवा आणि मे महिन्यात दगडासारखी कोरडी होणारी जांभी जमीन, या सगळ्यांचा हिशेब निवडीत धरावा लागतो.

इथे दोन घरं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. एक, फोंडा, डिचोली, सत्तरी किंवा पेडण्यातलं जुनं कौलारू घर, ज्याचं वायरिंग लाकडी पट्टीवरचं आहे आणि आता ते बदलायचंय. दुसरं, म्हापसा, पर्वरी किंवा मडगावातला फ्लॅट. दोन्हींना एकच उत्तर लागू पडत नाही.

भिंतीच्या आतून की बाहेरून

फ्लॅटमध्ये हा प्रश्नच नाही, पाइप स्लॅबमध्ये आणि गिलाव्याखाली जातो. जुन्या चिऱ्याच्या घरात मात्र मी भिंत फोडायच्या विरोधात आहे. अशा कित्येक घरांत चिऱ्यांचे सांधे मातीचे असतात. कटर फिरला की खाचेबरोबर आजूबाजूचे सांधेही सुटू लागतात. आडवी खाच सर्वांत वाईट, कारण ती भिंतीची भार पेलणारी जाडी सलग लांबीभर कमी करते. त्यात पावसाळ्यात पायथ्याची ओल भिंतीत दोन-तीन फूट चढते. पाइप त्या पट्ट्यात पुरला तर सांध्यांतून पाणी आत शिरतं आणि खालच्या पेटीत साचतं.

बाहेरून करायचं तर दोन पर्याय आहेत. केसिंग-कॅपिंगची चपटी पट्टी स्वस्त आणि दिसायला नीटनेटकी असते, शिवाय झाकण काढून नवी वायर टाकता येते. पण तिची पाठ ओल्या भिंतीला चिकटते, झाकण कालांतराने सैल होतं आणि मुंग्या आणि पाली आत घर करतात. गोल पीव्हीसी पाइप सॅडलवर (पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीवर) बसवला तर भिंतीपासून थोडं अंतर राहतं, हवा खेळते आणि पाइप बंद असल्याने काही शिरत नाही. दिसायला तो थोडा उठून दिसतो, पण कडेने सरळ उभा नेला आणि भिंतीच्याच रंगात रंगवला तर डोळ्यांना खुपत नाही. कौलारू घरासाठी माझं मत गोल पाइपच्या बाजूने आहे. माळ्यावर उंदरांचा वावर असेल तर तिथे लवचिक पन्हाळी पाइप अजिबात नको, कडक पाइपच हवा.

पाइप लाइट, मीडियम आणि हेवी अशा तीन जाडीत मिळतो. स्लॅबमध्ये लाइट टाकू देऊ नका. काँक्रीट ओतताना तो चेपला तर पुढे वायर ओढताच येत नाही. लोखंडी जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप उंदरांना पुरून उरतो खरा, पण किनाऱ्याजवळ तो आतून गंजतो आणि गंजाची खरखर वायरचं आवरण सोलते. बाहेरून घरात येणारा कुठलाही पाइप पेटीत खालच्या बाजूने घ्यावा. वरून घेतला तर पावसाचं पाणी त्याच वाटेने थेट पेटीत उतरतं.

वायर

तांबं की ॲल्युमिनियम हा वाद घराच्या आत तरी संपलेला आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के असते, ती वायर वाकवताना तुटते आणि स्क्रूखाली दबून हळूहळू सैल होते. खरा धोका अर्धवट कामात आहे. जुनी ॲल्युमिनियमची वायर तशीच ठेवून तिला तांब्याची नवी वायर पिळून जोडली की दमट, खाऱ्या हवेत तो सांधा गंजतो, तापतो आणि शेवटी जळतो. एकतर पूर्ण बदला, नाहीतर जिथे बदलता येत नाही तिथे दोन धातूंसाठीचाच जोड वापरा. खांबावरून मीटरपर्यंत येणारी केबल बहुधा ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे हा मुद्दा मेन स्विचपाशीही येतो.

आवरणाच्या बाबतीत दुकानदार एफआर, एफआरएलएस आणि एचएफएफआर अशी नावं सांगतो. तिन्ही आग पसरू देत नाहीत. फरक धुरात आहे. साधं एफआर पीव्हीसी जळताना दाट काळा धूर आणि आम्लयुक्त वायू सोडतं. एफआरएलएसमध्ये दोन्ही कमी. एचएफएफआरमध्ये हॅलोजनच नसल्याने आम्लवायू जवळजवळ नसतो. बंद खिडक्यांच्या, एसी लावलेल्या फ्लॅटमध्ये धूर बाहेर जायला वाट नसते, तिथे एफआरएलएस किंवा एचएफएफआरवर जास्तीचे पैसे घालणं योग्य. कौलांच्या फटींतून धूर निघून जाणाऱ्या घरात चांगल्या कंपनीची आयएसआय चिन्ह असलेली एफआर पुरते. आणखी एक गोष्ट: एचएफएफआरची आवरणं पीव्हीसीपेक्षा ओलावा जास्त शोषतात. ओल्या भिंतीच्या घरात केवळ महाग म्हणून ती वायर घेण्यात अर्थ नाही.

जाडी ठरवताना काटकसर करू नये. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, गिझर आणि एसीला प्रत्येकी वेगळी ४, आणि मीटरपासून आतल्या बोर्डापर्यंत भार पाहून ६ किंवा १०. हिरवी अर्थची वायर प्रत्येक पॉइंटपर्यंत गेलीच पाहिजे. "दिव्याला कशाला अर्थ" असं म्हणणाऱ्या वायरमनला थांबवा, कारण उद्या त्याच पॉइंटवर धातूचं झुंबर लागतं.

मागची पेटी

जीआयची पेटी मजबूत, तिच्यात स्क्रू पक्का बसतो आणि भिंत भरताना ती पिचत नाही. पीव्हीसीची पेटी गंजत नाही आणि तिला अर्थ करावं लागत नाही. कळंगुट, मांद्रे, कोलवा, बाणावली अशा समुद्रालगतच्या गावांत मी डोळे मिटून पीव्हीसी घेईन. तिथे जीआयच्या पेटीचे स्क्रू काही पावसाळ्यांत असे गंजून बसतात की प्लेट काढताना गिलावाच सुटतो. आतल्या तालुक्यांत दोन्ही चालतात. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे मागून घ्या, फरक किरकोळ पैशांचा आहे.

अर्थिंग आणि आरसीसीबी

इथे थोडं सावकाश वाचा, कारण गोव्यातल्या घराचं सगळ्यात महत्त्वाचं गणित हे आहे.

समजा गिझरची आतली वायर सोलली आणि त्याचं अंग जिवंत झालं, म्हणजे त्यात वीज आली. प्रवाह अर्थच्या वायरने जमिनीत उतरतो आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरकडे परततो. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल तर २३० व्होल्टला जास्तीत जास्त २३ अँपिअर वाहतील. सी प्रकारच्या १६ अँपिअरच्या एमसीबीला (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) झटक्यात पडायला पाचपट ते दहापट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअरला तो तापून पडेल तेव्हा तासभरही गेलेला असू शकतो, आणि तेवढा वेळ गिझरचं अंग जिवंत. मे महिन्यात जांभी माती सुकली की रोध आणखी चढतो. तो ४० ओहम झाला तर वाहणारा प्रवाह ६ अँपिअरपेक्षाही कमी, आणि एमसीबी कधीच पडणार नाही. म्हणजे "अर्थिंग केलंय, एमसीबी आहे, काळजी नाही" हा समज आपल्या जमिनीत टिकत नाही.

आरसीसीबी जाणारा आणि परतणारा प्रवाह तोलून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो, मोठी गळती असेल तर त्याहून लवकर. अर्थिंगचा रोध १०० ओहम असला तरी गिझरच्या त्या बिघाडात तो पडणारच. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरचीच मर्यादा आहे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका; तो आगीपासून काही अंशी वाचवेल, माणसाला नाही. प्रकारातही फरक आहे. एसी प्रकार फक्त साधी गळती ओळखतो. इन्व्हर्टर एसी, नवी वॉशिंग मशीन असं इलेक्ट्रॉनिक सामान असेल तर ए प्रकार घ्यावा. आरसीसीबी जास्त भाराला किंवा शॉर्टसर्किटला पडत नाही, म्हणून सोबत एमसीबी हवाच.

जमिनीतल्या भागासाठी तीन पर्याय समोर येतात. जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, ही जुनी आणि स्वस्त पद्धत. मिठाने रोध उतरतो, पण तेच मीठ पाइपचा जस्ताचा थर खातं. तांब्याची प्लेट टिकाऊ, पण तिला मोठा खोल खड्डा लागतो. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि भोवती ओलावा धरणारं मिश्रण, ज्याला बाजारात केमिकल अर्थिंग म्हणतात, ते महाग पण छोट्या बोअरमध्ये बसतं. हात-दोन हातांवर कठीण जांभा लागत असेल तर मला हाच पर्याय शहाणपणाचा वाटतो. मातीची जागा असेल तर पाइपही चालेल, फक्त त्याच्या नरसाळ्यात उन्हाळ्यात पाणी ओतायची सवय घरात हवी. जागा निवडताना न्हाणीचं पाणी माडाच्या मुळाशी जातं ती बाजू बघा. तिथली माती मे महिन्यातही ओली असते. मिठाचा खड्डा पिण्याच्या विहिरीपासून दूर ठेवा.

एकच आरसीसीबी की अनेक

मेनवर एकच आरसीसीबी बसवणं सर्वांत स्वस्त. त्याचा त्रास जुलैत कळतो. तुळशीपाशी लावलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी गेलं की रात्री दोन वाजता सगळं घर अंधारात, फ्रिजही बंद. दोन-तीनदा असं झालं की कोणीतरी वैतागून आरसीसीबी वगळून थेट तार जोडतो, आणि घर पुन्हा उघडं पडतं. बिनसंरक्षित घरं मला जास्त करून अशीच तयार झालेली दिसतात.

दुसरं टोक म्हणजे प्रत्येक सर्किटला आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच तुकड्यात. बिघाड जिथे आहे तेवढंच बंद पडतं. खर्च बराच वाढतो आणि बोर्डही मोठा लागतो. मधला मार्ग बहुतेक घरांना परवडतो: घरातल्या दिवे-प्लगांना एक आरसीसीबी, गिझर आणि वॉशिंग मशीनला दुसरा, आणि अंगण, पडवी, विहिरीचा पंप, म्हणजे जे काही पावसात आहे त्याला वेगळा आरसीबीओ. चवथीला माटोळीभोवती (गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या छताभोवती) आणि मांडवात लागणारी माळ याच शेवटच्या सर्किटवर घ्या.

वेगवेगळे आरसीसीबी लावले की प्रत्येकाचं न्यूट्रलही (प्रवाह परत नेणारी वायर) वेगळं ठेवावं लागतं. जुन्या घरांत एका खोलीचं न्यूट्रल दुसऱ्या खोलीतून घेतलेलं असतं, इन्व्हर्टरचं न्यूट्रल तर हमखास मिसळलेलं. तसं राहिलं तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो आणि दोष त्याच्यावर येतो. जुनं वायरिंग ठेवून फक्त आरसीसीबी बदलू पाहणाऱ्यांनी हे काम आधी करून घ्यावं.

उरलेलं थोडक्यात

एमसीबी दिवे-प्लगांना बी प्रकारचा, पंप आणि एसीला सी प्रकारचा. जुना किटकॅट फ्यूज ठेवू नये. त्यात जाड तार घालण्याचा मोह होतोच. मॉड्युलर स्विच आणि जुना पियानो स्विच यांत सुरक्षेचा फरक फार नाही. सॉकेटला आतलं शटर असावं आणि १६ अँपिअरचा प्लग गिझरपाशी हवाच. पडवीतले सॉकेट झाकणाचे, आयपी ५५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) किंवा त्याहून वरचे घ्या. खाजनालगत (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीलगत) किंवा नदीकाठच्या सखल घरात बोर्ड आणि सॉकेट दोन्ही वर चढवा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात टीव्ही आणि फ्रिज जात असतील तर बोर्डात टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (विजेची अचानक आलेली लाट जमिनीत सोडणारं उपकरण) लावा, पण अर्थिंग सुधारल्यानंतरच. अर्थिंग वाईट असेल तर त्याला लाट सोडायला वाटच नाही.

पैसे चुकते करण्याआधी परवानाधारक कंत्राटदाराकडून दोन मोजमापं लेखी घ्या. मेगरने ५०० व्होल्टला वायरिंगचा इन्सुलेशन रोध, जो किमान १ मेगाओहम हवा, आणि अर्थ टेस्टरने अर्थिंगचा रोध. काम कोणत्या महिन्यात झालं याला इथे महत्त्व आहे. मे महिन्यात केलेल्या कामाचं इन्सुलेशन ऑगस्टमध्ये पुन्हा मोजून घ्या, भिंती भिजलेल्या असताना. पावसाळ्यात केलेलं अर्थिंग पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजा, माती सुकलेली असताना. या दुसऱ्या फेरीसाठी बिलातली थोडी रक्कम राखून ठेवण्याचं कंत्राटदाराशी सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.