न बसवलेला कॅमशाफ्ट आणि माझे 8,400 डॉलर

माझ्या डॉज चॅलेंजर गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी डॅलसजवळच्या एका गॅरेजला मागच्या वर्षी मी तीन हप्त्यांत 8,400 डॉलर दिले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम अशा कामाची होती, जे कधी झालेच नाही. हे लिहिताना मला राग येतो त्यापेक्षा लाज अधिक वाटते, कारण मी यंत्र अभियांत्रिकी शिकलेला माणूस आहे आणि ज्या कागदावर विश्वास ठेवून शेवटचा हप्ता दिला, तो कागद खोटा आहे हे पंधरा सेकंदांत ओळखता आले असते.

डॉज चॅलेंजरचे उत्पादन कॅनडातील ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात डिसेंबर 2023 मध्ये थांबले, त्यामुळे आता जो कोणी ही गाडी घेतो तो जुनीच घेतो. माझ्यासमोर 2019 च्या दोन गाड्या होत्या: 5.7 लिटर हेमी इंजिनाची, 372 अश्वशक्तीची आर/टी ऑटोमॅटिक 27,900 डॉलरला आणि 6.4 लिटरची, म्हणजे ज्याला सगळे 392 म्हणतात त्या इंजिनाची, 485 अश्वशक्तीची स्कॅट पॅक 38,500 डॉलरला. फरक 10,600 डॉलरचा होता. त्या गॅरेजच्या मालकाने हिशेब मांडला की आर/टी घ्या, त्यात 8,400 घाला, चाकांवर 392 इंजिनाइतकीच ताकद मिळेल आणि वर 2,200 डॉलर खिशात राहतील. स्कॅट पॅकसोबत ब्रेम्बो ब्रेक आणि अधिक कणखर सस्पेन्शनही येते, ते या हिशेबात कुठेच नव्हते. हे मला तेव्हाच बोलून दाखवता आले असते. मी बोललो नाही, कारण तो मला जे ऐकायचे होते तेच सांगत होता. मी आर/टी घेतली.

त्याचे अंदाजपत्रक मात्र कोणालाही पटेल असे होते. कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा), स्प्रिंग आणि पुशरॉड 1,450, एमडीएस नसलेले लिफ्टर (कॅमशाफ्टवर बसून झडपा ढकलणारे भाग) आणि हेड गॅस्केट 1,120, लाँग ट्यूब हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या लांब नळ्या) 1,680, अनलॉक केलेला संगणक आणि ट्यून (त्या संगणकातल्या सेटिंगचे बदल) 1,150, मजुरी 3,000. यातले तांत्रिक तपशील खरे आहेत, आणि माझी फसगत झाली ती नेमकी म्हणूनच. 2015 नंतरच्या चॅलेंजरचा इंजिन संगणक कुलूपबंद येतो, तो उघडल्याशिवाय ट्यून होत नाही. ऑटोमॅटिक हेमीमध्ये हलक्या भारावर चार सिलिंडर बंद करणारी एमडीएस यंत्रणा असते आणि जोरकस कॅमशाफ्ट टाकायचा तर तिचे खास लिफ्टर बदलावे लागतात. हे लिफ्टर काढायला दोन्ही हेड उतरवावे लागतात, म्हणून गॅस्केट आली, म्हणून एवढी मजुरी आली. फसवणारा माणूस विषय जाणणारा असेल, तर त्याचे प्रत्येक वाक्य तपासूनही खरेच निघते. खोटे फक्त एवढेच असते की त्याने ते काम केलेले नसते.

क्रेडिट कार्डावर 3 टक्के जास्त लागतील, असे तो म्हणाला. म्हणजे 252 डॉलर. ते वाचवण्यासाठी मी 4,200, मग ‘सामान आले’ म्हणून 2,500 आणि शेवटी 1,700 असे सगळे पैसे बँकेच्या ॲपमधून थेट पाठवले. कोणी कार्ड टाळायला लावत असेल, तर तिथून गाडी वळवून परत न्या.

आता तो क्षण. काउंटरवर त्याने डायनोचा, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, छापील आलेख ठेवला: चाकांवर 412 अश्वशक्ती, लाल रेषा ताकदीची, निळी टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची), दोन्हींसाठी एकच मोजपट्टी. अश्वशक्ती म्हणजे पौंड-फूट टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 5,252. त्यामुळे मोजपट्टी एकच असेल तर या दोन रेषा 5,252 आरपीएमलाच एकमेकींना छेदतात, दुसरीकडे कुठेही छेदूच शकत नाहीत. माझ्या कागदावर त्या 4,600 च्या आसपास छेदत होत्या. तो कागद मी हातात धरला, कौतुकाने वाचला, त्याचा फोटो काढून भावाला सांगलीला पाठवला आणि तिथेच उभ्याउभ्या 1,700 डॉलर पाठवले. माझ्या बचावाखातर एवढेच म्हणतो की आपण हे सूत्र किलोवॅट आणि न्यूटन-मीटरमध्ये शिकलो, तिथे तो आकडा 9,549 येतो, आणि 5,252 माझ्या डोक्यात घर करून बसलेला नव्हता. पण भागाकार तर मला येत होता.

गाडी सुरू केली तेव्हा ती अगदी कॅमशाफ्ट बदलल्यासारखीच थरथरत, अडखळत गुरगुरली. नंतर कळले की नुसत्या ट्यूनमधून हा आवाज उसना आणता येतो आणि त्याला ‘घोस्ट कॅम’ असे नावही आहे. आवाज हा पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवा. घरी जाताना महामार्गावर डिस्प्लेवर ‘इको’, म्हणजे इंजिन चार सिलिंडरवर गेल्याची खूण, उमटले आणि शेजारी बसलेल्या मुलाने विचारले, “बाबा, हे इको काय आहे?” ज्या गाडीचे एमडीएस लिफ्टर काढून टाकले आहेत, तिने चार सिलिंडरवर जाण्याचा प्रश्नच येत नाही. मी त्याला म्हणालो, “जुनी सेटिंग राहिली असेल.” हे वाक्य मला आजही रात्री आठवते.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये 150 डॉलर भरून डायनो केला, तर चाकांवर 338 अश्वशक्ती निघाली. तिथल्या मेकॅनिकने आणखी 180 डॉलर घेऊन इनटेक मॅनिफोल्ड उतरवला आणि टॉर्च खाली धरून मला दाखवले: चारही एमडीएस सोलेनॉइड (ती यंत्रणा चालवणारे विजेचे व्हॉल्व्ह) जागच्या जागी होते, त्यांच्याभोवती कित्येक वर्षांची धूळ आणि तेलाचा थर जमलेला होता आणि टायमिंग कव्हरच्या कडेचे कारखान्यातले सीलंट कुठेही तुटलेले नव्हते. हेडर तेवढे बसवलेले होते, तेही बिनछापाचे. मजुरीतले 800 डॉलर हेडरचे धरले, तरी कॅमशाफ्ट, लिफ्टर आणि उरलेली मजुरी मिळून 4,770 डॉलर सरळ बुडाले. असे काम करून घेणाऱ्याने काढलेले जुने भाग डिकीत घालून मागावेत. माझ्या जुन्या कॅमशाफ्टबद्दल मी विचारले तेव्हा “भंगारात गेला” असे उत्तर मिळाले होते, आणि तेही मी ऐकून घेतले.

पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने माझी पूर्ण फाइल न उघडताच ही दिवाणी बाब असल्याचे सांगितले. न केलेल्या कामाचे पैसे खोटा कागद दाखवून घेणे ही चोरी नसेल तर कशाला चोरी म्हणायचे, असे मी विचारले, तेव्हा त्याने मला एक छापील पत्रक दिले. पत्रकावरच्या सरकारी तक्रार विभागाला मी 31 पानांचे पुरावे पाठवले. सात आठवड्यांनी उत्तर आले की आपली तक्रार नोंदवली आहे, परंतु हा विभाग वैयक्तिक तंटे सोडवत नाही. मग तो नेमके काय सोडवतो, हे पत्रात लिहिलेले नव्हते. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे व्यवहार अधिकृत आहे, तेव्हा परतावा नाही. प्रत्येक खिडकीवरचा माणूस सभ्यपणे बोलला, प्रत्येकाने मला दुसऱ्या खिडकीचा पत्ता दिला आणि दुसऱ्या खिडकीने पहिलीचा. कार्ड वापरले असते तर निदान बिलावर हरकत घेण्याचा हक्क कायद्याने मिळाला असता. 252 डॉलरची ती बचत मला अशी पडली.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर तो शांतपणे म्हणाला की कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढायला तुम्हीच होकार दिला होता, ते संघराज्याच्या कायद्यात बसत नाही, तेव्हा कुठे जायचे ते जपून ठरवा. सुचवले त्याने होते, पण मान मी डोलावली होती, हे खरे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बेकायदा काम करून देणारा माणूस तुमचीच सही स्वतःसाठी ढाल म्हणून ठेवतो.

अखेर जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या न्यायालयात, दावा लावला. टेक्सासमध्ये तिथे 20,000 डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि वकील लागत नाही. तो हजर राहिला नाही आणि निकाल माझ्या बाजूने लागला. वसुली मात्र आपली आपण करायची असते, या राज्यात साध्या देण्यासाठी पगारावर जप्ती आणता येत नाही, राहत्या घरालाही संरक्षण आहे, आणि ज्या एलएलसीविरुद्ध (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीविरुद्ध) माझा निकाल आहे ती आता बंद आहे. त्याच पत्त्यावर, गाड्या उचलणाऱ्या त्याच लिफ्टवर, नव्या नावाची पाटी लागली आहे.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांनी व्हीआयएनचे, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचे, आठवे अक्षर पाहावे: चॅलेंजरमध्ये टी म्हणजे 5.7 आणि जे म्हणजे 6.4. स्कॅट पॅकचे चिन्ह कोणीही चिकटवू शकतो.

ट्यून पूर्ववत करायला 300 डॉलर मागतात, ते मी अजून दिलेले नाहीत. परवा सिग्नलला शेजारच्या मस्टँगमधल्या मुलाने काच खाली करून, अंगठा वर दाखवत मला विचारले की कोणता कॅम टाकला आहे.