अपडेटनंतर क्रॅश: फॉरमॅट मारावा की मागे जावं?

अपडेट झालं, दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी ऐन कामात निळा पडदा. रीस्टार्ट केलं, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. इथवर आलेल्या माणसापुढे विंडोजमध्ये मुख्यतः दोन वाटा असतात: अपडेट काढून मागे जायचं, नाहीतर फॉरमॅट मारून सगळं नव्याने टाकायचं. मी एकाच लॅपटॉपवर, वेगवेगळ्या वेळी, दोन्ही करून पाहिलंय. डिस्क भरलीय का, पंखा फिरतोय का, हे तुम्ही बघितलंच असेल, म्हणून ते सोडून देतो.

फॉरमॅटचा मोह मला नीट कळतो. शोधाशोध नको, अंदाज नकोत, सगळं कोरं. व्हायरसचा संशय असेल, किंवा सिस्टीम फाइल्स इतक्या बिघडल्या असतील की एसएफसी आणि डिस्म या दोन्ही कमांडही दुरुस्ती करू शकत नाहीत, तर फॉरमॅटच योग्य. पहिल्या वेळी मला यातलं काहीच नव्हतं, तरी मी तीच वाट धरली. ‘फाइल्स ठेवून रिसेट’ हा सौम्य पर्याय निवडला आणि दोनेक तासांत मशीन तयार झालं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. त्या पर्यायात फाइल्स राहतात, पण तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातात. काय काय गेलं याची यादी डेस्कटॉपवर मिळते, पण त्या यादीत नुसती नावं असतात. वर्षानुवर्षं आपल्या हाताला बसवलेल्या सेटिंग कुठल्याच यादीत नसतात. तीन संध्याकाळी प्रोग्राम परत टाकण्यात गेल्या. एकाचं लायसन्स जुन्या इन्स्टॉलेशनवरच अडकलं होतं, ते सोडवायला मेल लिहावे लागले. शब्दतपासणीच्या कोशात मी एकेक करून भरलेले शब्द गेले आणि ओळखीच्या शब्दांखाली पुन्हा लाल रेघा दिसू लागल्या. पुढचे दोन आठवडे रोज काहीतरी जागेवर नसायचं: कधी शॉर्टकट, कधी स्कॅनरची सेटिंग. आणि या सगळ्याच्या मध्येच, नवव्या दिवशी, मी ऑडिओ इंटरफेस (माइक-स्पीकर जोडायचा डबा) जोडला, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण विंडोजशी जुळवणारं सॉफ्टवेअर, टाकला आणि त्याच संध्याकाळी तोच निळा पडदा, तोच स्टॉप कोड, म्हणजे त्यावर दिसणारा चुकीचा कोड, घेऊन परत आला.

दोष त्या ड्रायव्हरमध्ये होता. नव्या अपडेटशी त्याचं जमत नव्हतं, बाकी सगळं ठीक होतं. चांगल्या चाललेल्या शेकडो गोष्टी मी पुसल्या आणि बिघडलेली एकच गोष्ट स्वतःच्या हाताने परत आणून बसवली. माझा कौल तिथेच फिरला.

दुसऱ्या वेळी मागे गेलो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारं नेहमीचं अपडेट असेल, तर अपडेट हिस्टरीतून ते अनइन्स्टॉल करता येतं. मोठी नवी आवृत्ती असेल तर रिकव्हरीमधलं ‘गो बॅक’ वापरायचं, पण त्याला मुदत फक्त 10 दिवसांची. त्यानंतर जुनं विंडोज ठेवलेलं फोल्डर आपोआप साफ होतं. डिस्मने ही मुदत 60 दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र ती संपण्याआधी. डेस्कटॉपपर्यंत पोचताच येत नसेल, तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. त्याने उघडणाऱ्या रिकव्हरीतही अपडेट काढायचा पर्याय असतो. तिथे बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 अंकी की मागितली जाऊ शकते, तेव्हा ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

या वाटेची उणी बाजू लपवत नाही. अपडेटबरोबर आलेल्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही निघून जातात, आणि अपडेट थांबवता येतात ते पाच आठवड्यांपर्यंत. म्हणजे मिळते ती फक्त सवड. माझ्या दृष्टीने तीच मोलाची: दिवसा काम चालू राहतं, रात्री दोषी शोधता येतो. विंडोज फोल्डरमधल्या मिनिडंप या फोल्डरमध्ये प्रत्येक क्रॅशची फाइल असते. ती विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या दोष शोधायच्या प्रोग्राममध्ये उघडून अ‍ॅनलाइज कमांड दिली की बऱ्याचदा संशयित ड्रायव्हरचं नाव समोर येतं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या 41 नंबरच्या नोंदीवर वेळ घालवू नका. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच ती सांगते, कारण सांगत नाही. मला डंपमध्ये वाय-फायच्या ड्रायव्हरचं नाव मिळालं, नवा ड्रायव्हर टाकला, अपडेट पुन्हा घेतलं. त्यानंतर क्रॅश नाही. दोन संध्याकाळी लागल्या, आणि एकही सेटिंग हलली नाही.

जुलै 2024 मध्ये क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरची सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पडली. ते सुरक्षा सॉफ्टवेअरचं अपडेट होतं, विंडोजचं नव्हे, पण उपाय काय होता ते बघण्यासारखं आहे: सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतं विंडोज चालू करून, ती एक सदोष फाइल काढून टाकणं.

माझा अनुभव एका लॅपटॉपचा आहे, तुमच्याकडे वेगळं घडू शकतं. तरी मागे जाण्याचा आणखी एक फायदा नोंदवतो: ती एक चाचणीही होते. मागे गेल्यावरही क्रॅश थांबले नाहीत, तर अपडेटवरचा संशय बराच कमी होतो आणि रॅम किंवा डिस्क तपासायची वेळ येते. रात्रभर मेमरी टेस्ट लावा. रॅमच खराब असेल, तर फॉरमॅटनेही काही साधणार नाही.

मुदत टळून गेली असेल आणि फॉरमॅट मारायचंच ठरलं असेल, तर त्याआधी मिनिडंपचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि ड्रायव्हरक्वेरी कमांडने निघणारी ड्रायव्हरची यादीही त्यात ठेवा. नव्या विंडोजवर एका वेळी एकच ड्रायव्हर टाका, आणि पुढचा टाकण्याआधी एक दिवस जाऊ द्या.