हापूसच्या वासावर मी फसलो

मी आंबा बागायतदार. देवगड तालुक्यात आमची सव्वाशे कलमं आहेत. दुसरीकडचा आंबा देवगडच्या छापाच्या पेटीत भरून कसा विकतात हे मी लहानपणापासून बघत आलोय. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तो प्रकार थांबलेला नाही. त्यामुळे लेबल आणि आतला माल यात किती अंतर असू शकतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, लिक्विडमध्ये माझी फसवणूक झाली, तीही एकदा नाही, दोनदा. २४ हजार रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे माझी सहा वर्षांची मुलगी त्यातली एक बाटली हातात घेऊन उभी होती. ते आठवलं की आजही रात्री जाग येते. माझ्यासारखे सिगारेट सोडू बघणारे आपल्या पट्ट्यात खूप आहेत, म्हणून सगळं लिहून काढतोय.

मुंबईत नोकरीला होतो तेव्हा सिगारेट लागली. गावी परत आलो तरी दिवसाला बारा-चौदा होतच होत्या. गेल्या वर्षी गणपतीला डोंबिवलीहून चुलतभाऊ आला. त्याच्याकडे पेनाएवढं पॉड होतं, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायचं उपकरण. मागच्या पडवीत बसून म्हणाला, "दादा, ह्याका ना वास, ना राख. तू सिगरेट सोडशीत बघ." मी विचारलं, हे बंद आहे ना आपल्याकडे? त्याचं उत्तर तयार होतं, "गोव्यात सगळा चलता. घाबरतस कित्याक?"

सिंधुदुर्गात हे वाक्य लगेच पटतं. दारूचे नियम गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या पलीकडे वेगळे आहेत, मग याचेही असतील असं वाटतं. ते साफ खोटं आहे. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवरची बंदी केंद्राची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला, आणि तो देवगडला जितका लागू तितकाच पणजीला. बनवणं, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यालाच मनाई. निकोटिन नसलेलं लिक्विड वापरलं तरी उपकरण बंदीतच येतं. हे मला नंतर कळलं, आणि ज्याच्याकडून कळलं तो मला लुटायलाच बसलेला होता. ते पुढे सांगतो.

भावाने एका विक्रेत्याचा व्हॉट्सॲप नंबर दिला. तो माणूस गोड बोलणारा. दर वाक्याला "दादा". त्याने सांगितलं, तयार बाटल्या महाग पडतात, तुम्ही घरी मिसळायला शिका. ४,८०० रुपयांत त्याने पॉड, दोन कॉइल (लिक्विड तापवणारी तार), बेसची बाटली, पाच फ्लेवरच्या छोट्या बाटल्या आणि "बूस्टर" नावाची एक बाटली पाठवली. फ्लेवर होते हापूस, नारळ, पुदिना, कॉफी आणि कस्टर्ड. हापूसची बाटली उघडली तर खरोखर आढीतला वास आला. त्या वासावरच माझा विश्वास बसला, हे मी कबूल करतो.

बेस म्हणजे काय, हे तेव्हाच नीट विचारायला हवं होतं. लिक्विडमध्ये मुख्यतः दोन पदार्थ असतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ असतं, चव वाहून नेतं, घशाला थोडं टोचतं. व्हेजिटेबल ग्लिसरीन घट्ट, गोडसर, आणि दाट वाफ त्याचीच. छोट्या पॉडच्या कॉइलला पातळ मिश्रण लागतं, साधारण अर्धं-अर्धं. मला आलेला बेस मधासारखा घट्ट होता. माझा अंदाज आहे की ते जवळजवळ निव्वळ ग्लिसरीन असावं. असलं घट्ट मिश्रण कॉइलमधल्या कापसात वेळेवर झिरपत नाही, कापूस कोरडा पडतो आणि जळतो. चार-पाच दिवसांत तोंडात जळकी चव यायची. मी तक्रार केली की तो म्हणायचा, "दादा, कॉइल संपली, नवीन टाका." एक कॉइल ३५० रुपयांना. अशा आठ घेतल्या. त्यात फ्लेवरमध्ये सुक्रालोजसारखं गोड घातलेलं असेल तर ते तापल्यावर कॉइलवर काळा थर धरतं, म्हणजे कॉइल आणखी लवकर जाते. ज्याने चुकीचा बेस दिला तोच कॉइल विकत होता, हे दीड महिना माझ्या लक्षात आलं नाही.

चव धड येत नाही म्हटलं की दुसरं उत्तर ठरलेलं, "मुरू द्या, दोन आठवडे अंधारात ठेवा." लोणचं मुरतं तसं लिक्विडही मुरवतात, हे खरं आहे. पण मुरायला वेळ लागतो तो कस्टर्ड किंवा तंबाखूच्या चवींना. फळांच्या चवी बऱ्याच लवकर तयार होतात. माझ्या हापूसला दोन आठवड्यांची काहीच गरज नव्हती. गरज त्याला होती, माझी तक्रार पुढे ढकलायला.

आता निकोटिनचं. बेस शून्य निकोटिनचा आहे, असं त्याने छातीठोक सांगितलं होतं. तलफ आली तर बूस्टरचे पाच थेंब टाका म्हणाला. बूस्टरवर आकडा नव्हता. एका मिलिलीटरमध्ये किती मिलिग्रॅम निकोटिन, हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. समजा बूस्टर ५० मिलिग्रॅमचा आहे. त्याचा १ मिली ९ मिली शून्य बेसमध्ये घातला तर मिश्रणाच्या दर मिलीत ५ मिलिग्रॅम येतं. पण बूस्टर किती ताकदीचा हेच माहीत नसेल, आणि बेस खरंच शून्य आहे का हेही माहीत नसेल, तर हिशोब करायचा कशाचा? थेंब हे तर मापच नव्हे. घट्ट द्रवाचा थेंब वेगळा पडतो, पातळाचा वेगळा. मोहोरावर फवारणी करताना पंपाला किती मिली औषध हे मी मापाने मोजतो, गड्यालाही अंदाजे ओतू देत नाही. झाडासाठी जी शिस्त पाळतो ती स्वतःच्या छातीसाठी पाळली नाही, याचं दुःख मोठं आहे. युरोपीय संघात निकोटिनच्या लिक्विडला २० मिलिग्रॅम प्रति मिलीची कमाल मर्यादा आहे आणि बाटली १० मिलीहून मोठी चालत नाही. माझ्या फडताळात १०० मिलीची बाटली बिनआकड्याची पडून होती.

दिवाळीनंतर त्याच्याकडून १,४०० रुपयांना दुसऱ्या खेपेचा बेस आला. त्यात नारळाचा फ्लेवर टाकला, नेहमीसारखे बूस्टरचे पाच थेंब टाकले, आणि संध्याकाळी पडवीत बसून ओढायला लागलो. ओढायला अगदी मऊ लागत होतं. घशाला काही टोचत नाही म्हणजे निकोटिन कमीच, अशी माझी समजूत. ही समजूत कुणाची असेल तर कृपा करून आत्ताच सोडा. निकोटिनचं सॉल्ट नावाचं रूप असतं, ते जास्त ताकदीचं असूनही घशाला मऊ लागतं. सिगारेट जास्त झाली की घसाच थांबवतो, तसं इथे होत नाही.

दहा-पंधरा मिनिटांत तोंडात लाळ सुटली. मग घाम, थंडगार. छातीत धडधड, हात थरथरायला लागले, आणि अंगणात जाऊन उलटी झाली. बायको धावत आली, "काय झाला तुमका?" मला नीट बोलताही येत नव्हतं. शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लक्षणं ऐकली, बोटांवर सांडलेलं लिक्विड आधी साबणाने धुवायला लावलं, कारण निकोटिन त्वचेतूनही अंगात जातं. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. निकोटिन जास्त झाल्यासारखं दिसतंय, म्हणाले. बेस शून्याचा नव्हताच, असं मी आज धरून चालतो.

सकाळी घरी आलो तर मुलगी फडताळापाशी उभी होती, हातात हापूसची बाटली. "बाबा, ह्यात आंब्याचो रस आसा?" झाकण साधं फिरकीचं होतं, लहान मुलाला सहज उघडेल असं. वर पिकल्या आंब्याचं चित्र. तिने उघडली नव्हती. ती हापूसची बाटली होती, शेजारीच बूस्टरची होती. लहान मुलाच्या पोटात असल्या बूस्टरचा थोडासा घोटही जिवावर बेतू शकतो. मी बाटली काढून घेतली आणि तिथेच खाली बसलो. ज्यांच्या घरात मूल आहे आणि फडताळात अशी बाटली आहे, त्यांनी हे वाचता वाचताच उठावं.

त्याच दिवशी कालचं मिश्रण उजेडात धरून पाहिलं. वर बारीक पिवळसर तवंग आला होता, कालवणावर तेल येतं तसा. लिक्विडच्या बेसमध्ये तेल मिसळत नाही, ते वर तरंगतं. म्हणजे तो नारळाचा फ्लेवर बेकरीत वापरतात तसला तेलातला इसेन्स असावा, छोट्या बाटलीत भरलेला. विक्रेत्याने मला "फूड ग्रेड आहे, खायला चालतं" असं सांगितलं होतं. डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी समजावलं की पोटात गेलेलं तेल पचतं, फुफ्फुसात गेलेल्या तेलाने न्यूमोनियाचाच एक प्रकार होऊ शकतो. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुफ्फुसांना गंभीर इजा होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ जण रुग्णालयात गेले होते किंवा दगावले होते, मृत्यू ६८. तिथे मुख्य संशय व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता. तोही तेलकट पदार्थ, बहुतेक चोरट्या मार्गाने विकल्या गेलेल्या गांजाच्या अर्काच्या काडतुसांत सापडलेला, आणि खायला किंवा त्वचेला लावायला चालणारा. माझा एक्स-रे स्वच्छ आला, हे नशीब.

मी चिडून विक्रेत्याला लिहिलं, पैसे परत दे, नाहीतर पोलिसांत जातो. त्याने निळी टिक दाखवली आणि गप्प बसला. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह. म्हणाला, कस्टममधून बोलतोय, तुमच्या नावाचं बंदी असलेलं पार्सल पकडलंय. माझं पूर्ण नाव, वाडीचं नाव, कुरिअर कुठल्या दुकानात उतरलं, सगळं त्याला पाठ. मग त्याने कायदा वाचून दाखवला. साठा केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विक्रीचा गुन्हा लावला तर पहिल्यांदा १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे आकडे खरेच आहेत, नंतर मी तपासले. म्हणून तर मी घाबरलो. कॉल बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, अशी ताकीद. तासाभरात मी १५ हजार पाठवले. लगेच आणखी ३५ हजार मागितले.

तेव्हा बायकोने फोन हातातून काढून घेतला आणि बंद केला. तिने ओळखीच्या वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, दंड न्यायालय ठरवतं, कुठलाही अधिकारी तो व्हिडिओ कॉलवर यूपीआयने घेत नाही. फोनवर अटक करून ठेवायची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर तक्रार करा, आणि तेही पहिल्या काही तासांत. मी तक्रार दुसऱ्या दिवशी केली, कारण आपणच गुन्हा केलाय या भीतीने रात्रभर अडून बसलो. तोपर्यंत पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. ते मिळालेले नाहीत.

फोन करणारा आणि विक्रेता एकच टोळी, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण कुरिअर कुठल्या दुकानात उतरलं हे तिसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. एकाने कायदा लपवून माल खपवला, दुसऱ्याने तोच कायदा दाखवून पैसे उकळले. बंदी असलेल्या मालाचा गिऱ्हाईक तक्रारीला जाणार नाही, यावरच दोघांचा धंदा उभा आहे. मी गेलो. वकिलांना बरोबर घेऊन गेलो, बाटल्या आणि पॉड ठाण्यात जमा केलं, सगळं लिहून दिलं. ठाण्यात माझं नीट ऐकून घेतलं.

सिगारेटसाठी आता औषधाच्या दुकानातलं २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम डॉक्टरांना विचारून घेतो. पाकिटावर आकडा छापलेला असतो. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर आहे, १८००-११-२३५६, फुकट. सध्या दिवसाला तीन सिगारेटवर आलोय.

गेल्या आठवड्यात भावाला एका नव्या नंबरवरून मेसेज आला, "नवीन स्टॉक, हापूस मिक्सिंग किट, गोवा डिलिव्हरी." त्याने मला फोटो पाठवला. निळ्या फरशीवर पाच छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, उजवीकडे मोठी पांढरी बिनलेबलची बाटली, आणि कडेला लाल झाकणाची बूस्टरची. मला पाठवला होता तोच फोटो, फरशीचा कोपरा फुटलेला आहे तो तिथेच. तुमच्या फोनवर हा फोटो आला तर नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि ठाण्यात द्या. मी माझा दिलाय.