एफटीडीआय चिपची यूएसबी-सिरियल केबल, चार स्टार

देवळात दर एकादशीला आमचं कीर्तन लाइव्ह असतं, त्यासाठी सोनीचा जुना ईव्हीआय-डी७० कॅमेरा सेकंडहँड उचललाय. १८ पट ऑप्टिकल झूम, मान झकास फिरते, पण रिमोट घेऊन एक पोरगं खांबाआड बसवावं लागायचं. म्हटलं लॅपटॉपवरूनच फिरवू. कॅमेऱ्याला मागे व्हिस्काचं (कॅमेऱ्याला हुकूम द्यायची सोनीची भाषा) सिरियल पोर्ट आहे, आताच्या लॅपटॉपला कुठलं आलंय, म्हणून यूएसबी टू आरएस-२३२ केबल, म्हणजे यूएसबीतून ते जुनं सिरियल पोर्ट काढून देणारी.

पहिली ऑनलाइन सगळ्यात स्वस्त बघून मागवली आणि तोंडावर पडलो. विंडोज ११ ला लावली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या नावाच्या जागी चक्क सूचना, पीएल२३०३ जातीची ही चिप २०१२ पासून बंद आहे, सप्लायरला भेटा. सप्लायर फोन उचलेल तर ना! जुना ड्रायव्हर टाकून चालवली, पण अपडेट आलं की पुन्हा तेच, आणि अपडेट येणार नेमकं एकादशीलाच.

मग पुण्यात पासोड्या विठोबापाशी जाऊन ही एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आर चिपवाली घेतली. तिप्पट महाग. दुकानदाराला म्हटलं काका, केबलचे एवढे? तर म्हणाले, चिपचे आहेत, वायर फुकट समजा.

लावली, ड्रायव्हर आपोआप आला, पोर्टला कॉम ४ हे नाव मिळालं. वेग ९६०० बॉड ठेवून टर्मिनलमधून (पोर्टवर कोड पाठवायचा प्रोग्राम) ८१ ०१ ०६ ०४ एफएफ, म्हणजे ‘सरळ हो’चा हुकूम पाठवला आणि कॅमेऱ्याने सावकाश मान सरळ केली, गुरुजी दचकलेच. तो उलट उत्तरही देतो, ९० ४१ एफएफ म्हणजे ऐकलं, ९० ५१ एफएफ म्हणजे झालं. केबल दुसऱ्या यूएसबीत खुपसली तरी कॉम ४च राहतं, दर वेळी सेटिंग बदलायला नको.

कॅमेऱ्याकडचा ८ पिनांचा गोल मिनी-डिन प्लग मात्र सोबत येत नाही, मी सोल्डर केला. कॅमेऱ्याची ३ नंबर पिन पीसीकडच्या ९ पिनांच्या प्लगच्या २ ला, ५ नंबर ३ ला, आणि ४ म्हणजे ग्राउंड ५ ला. आधी पहिल्या दोन उलट्या जोडल्या होत्या, तासभर कॅमेरा ढिम्म. लांबवायची तर सिरियलची बाजू लांबवा, यूएसबी ५ मीटरच्या पुढे रडते. आणि चित्र यातून येत नाही हां, फक्त हुकूम जातात, चित्रासाठी एस-व्हिडिओ आणि कॅप्चर कार्ड वेगळं घ्यावं लागतं.

एक स्टार स्क्रूचा कापला. हिलाही स्क्रू, समोरच्या प्लगलाही स्क्रू, आवळणार कशात? सध्या रबरबँड लावलाय.