डिटॉक्सचा डबा की घरचा काढा? पैसे आणि भरवसा कुठं टाकावा

मागच्या सोमवारी संध्याकाळी सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या मेडिकलमध्ये नेहमीच्या एक काकू आल्या. वय साठीच्या आसपास, साखरेची आणि बीपीची गोळी चालू. पिशवीतून त्यांनी दोन वस्तू काढून काउंटरवर ठेवल्या. सुनेनं मोबाईलवरून मागवलेला एकवीस दिवसांचा डिटॉक्सचा डबा, आणि जावेनं स्टीलच्या डबीत दिलेली काढ्याची भरड. भरडीत सुंठ, मिरी, दालचिनी, हळद आणि गुळवेल. "यातलं कुठलं घेऊ? का दोन्ही घेतलं तर चालेल?"

हा प्रश्न हल्ली सारखा येतो, आणि गर्दीच्या वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन माझं समाधान होत नाही. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे. पण लोक काय घेतात आणि नंतर कसली औषधं न्यायला येतात, ते रोज डोळ्यांसमोर असतं.

दोन्हींची तुलना करताना मी आधी एकच बघतो: हे कशासाठी घ्यायचं आणि कधी थांबवायचं? डब्यावर 'शरीरातील विषारी घटक बाहेर टाकते' असं छापलं होतं. कुठला घटक, त्याचं नाव नव्हतं. नावच नाही, तर तो होता का, किती होता, कमी झाला का, हे तपासणार कसं? काढ्याचं तसं नाही. घसा बसला म्हणून घेतला, दोन दिवसांत आराम पडला किंवा नाही पडला, हे आपल्यालाच कळतं.

शरीर साफ करायचं काम मुळात कोण करतं? यकृत अमोनियाचा युरिया करतं, दारू आणि औषधं फोडतं. दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीडेक लिटर लघवी बनते. हे काम बंद पडलं तर मिरजेला डायलिसिसला जावं लागतं. ज्यांच्या घरातलं माणूस आठवड्यातून दोन-तीनदा त्या खुर्चीवर चार-चार तास बसतं, त्यांना विचारा खरी सफाई म्हणजे काय. पुड्या पाण्यात ढवळून ती होत नाही.

"पण पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरलं" असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. जेवण कमी केलं की शरीर आधी साठवलेलं ग्लायकोजेन (म्हणजे साखरेचा साठा) वापरतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. ते पाणी गेलं की काटा खाली येतो, नेहमीचं जेवण सुरू झालं की परत वर जातो. शिवाय डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच डिटॉक्स चहांमध्ये सोनामुखी असते. सोनामुखी म्हणजे जुलाबाचं औषध. पोट साफ झाल्यासारखं वाटतं, वजन थोडं कमी दिसतं, पण चरबी जागची हलत नाही. रोज महिना-महिना घेतली तर पोटॅशियम उतरतं, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर ते आणखी उतरतं. काकूंच्या डब्यातही सोनामुखी होती, नऊ नावांच्या यादीत सातवी.

हिरव्या ज्यूसचंही थोडक्यात सांगतो. रोज कच्च्या पालकाचा मोठा ग्लास म्हणजे ऑक्सलेटचा मारा, आणि मुतखड्याची खोड असलेल्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये. तोच पालक भाकरीबरोबर भाजी करून खा, चोथा तरी पोटात जाईल. लिंबू-मध-पाणी चवीला छान, पण एक मोठा चमचा मध म्हणजे साठेक कॅलरी. त्यानं चरबी वितळत नाही. सकाळी दोन चमचे साखरेच्या चहाऐवजी नुसतं लिंबू पिळलेलं पाणी घेतलंत तर फायदा आहे, तो साखर टळल्याचा.

आता घरचे उपाय. इथं माझा कल उघड आहे, कारण यातले काही उपाय नीट तपासून खरे ठरलेत. एक वर्षावरच्या मुलाला रात्री झोपताना चमचाभर मध दिला तर खोकल्याची ढास कमी होते. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, चाटवायलासुद्धा नको. त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो.) मळमळीवर आलं, घशाला मिठाच्या गुळण्या, बद्धकोष्ठाला इसबगोल आणि भरपूर पाणी. इसबगोलानं कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं.

पण सगळ्यांत मोठा मान मी मीठ-साखरेच्या पाण्याला देतो. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आलं. आतड्यात साखर आणि मीठ जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं, म्हणून प्रमाण महत्त्वाचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्यानंतर जुलाब झालेल्या पोराला घेऊन एक बाई दुकानात आली होती. अंदाजे मूठभर साखर आणि दोन चमचे मीठ घालून तिनं तांब्याभर पाणी केलं होतं. इतकं खारट पाणी उलट अपाय करतं. मी तिला काउंटरवरच करून दाखवलं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा लहान चमचा, चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करून. ओआरएसचा, म्हणजे याच पाण्याच्या तयार पुडीचा, सॅशे हाताशी असेल तर तोच वापरावा, मोजमापाची चूक होत नाही.

हळदीबद्दल सांगलीत बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. 2018 साली आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांची, गोष्ट आपण पाव्हण्यांना कौतुकानं सांगतो. पण हळदीतलं औषधी मानलं जाणारं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन, आणि ते असतं वजनाच्या साधारण 3 टक्के. दुधात अर्धा चमचा टाकली तर जेमतेम 50 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. गुडघेदुखीवर जे प्रयोग झालेत त्यांत दिवसाला 500 ते 1500 मिलिग्रॅम दिलेलं असतं. म्हणजे हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर प्या, गरम दुधानं घशाला बरं वाटतं, पण त्याच्या भरवशावर गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका. आणि 'जास्त ताकद' म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल घेत असाल, तर त्यांनी यकृताला सूज आल्याची उदाहरणं आहेत, हे माहीत असू द्या.

घरचा उपाय बिघडतो तो इथंच. अधूनमधून, थोडा, तक्रारीपुरता घ्यायचा तो रोज आणि भरपूर घ्यायला लागलो की तोही डिटॉक्सच होतो. कोरोनात घरोघरी गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ सुरू झाला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, आधीच यकृताचा किंवा थायरॉईडसारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीतून उद्भवलेला आजार असलेल्यांना मी तरी तो महिनोन्‌महिने देणार नाही.

माझ्या मामांचं सांगतो. आमराईत फिरून आले की घरी दुधी भोपळ्याचा रस, असा त्यांचा तीन वर्षांचा नेम. एके दिवशी रस कडू लागला. औषध कडूच असतं, असं म्हणून त्यांनी अख्खा ग्लास संपवला. तासाभरात उलट्या, मग रक्ताची उलटी, बीपी खाली. मिरजेला दोन दिवस आयसीयूत होते, वाचले. दुधी-काकडीच्या जातीत कुकरबिटासिन नावाचं द्रव्य असतं, ते वाढलं की दुधी कडू होतो, आणि त्यावर उतारा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं म्हणूनच सांगितलंय: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका. आवळा-कारल्यात दुधी घातला की कडूपणा कळतच नाही.

काविळीला मात्र कुठलाच घरचा उपाय नको. गावाकडं अजून झाडपाल्याचं औषध द्यायला नेतात. साधी कावीळ बऱ्याचदा आपोआप बरी होते आणि श्रेय त्या औषधाला जातं. पण पित्तनळीत खडा किंवा गाठ असेल, तर वाया गेलेले ते पंधरा दिवस परत मिळत नाहीत. डोळे पिवळे दिसले की आधी रक्ततपासणी.

निवड करताना चालू गोळ्यांची स्ट्रिप जवळ ठेवा. ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी चालू असताना कारलं-मेथीचा रस रोज घेतला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर हळदीच्या, आल्याच्या कॅप्सूल नकोत. मूत्रपिंड अधू असेल तर नारळपाणी आणि फळांचे रसही डॉक्टरांना विचारूनच, कारण त्यांतलं पोटॅशियम बाहेर पडत नाही.

काकूंच्या स्ट्रिपवर ग्लिमेपिराइडच होतं. "काकू, तुम्हाला होतंय काय?" असं विचारल्यावर त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "पोट साफ होत नाही, आणि दुपारी गळून गेल्यासारखं होतं." डबा मी परत पाठवायला सांगितला, सील फोडलेलं नव्हतं. काढा सर्दी-खोकला झाला तर, गुळवेल वगळून, तीन-चार दिवस. पोटासाठी रात्री इसबगोल, वर ग्लासभर पाणी, आणि गोळ्यांत नि त्यात दोन तासांचं अंतर. दुपारी गळून जाणं मात्र साखर उतरल्यानंही होऊ शकतं, म्हणून ग्लुकोमीटरवर तिथंच तपासली: 68, म्हणजे उतरलेलीच. चार चमचे साखर पाण्यात घालून त्यांना प्यायला दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासली आणि मुलाला फोन करून त्यांना तसंच डॉक्टरांकडं पाठवलं. गोळीचा डोस आता निम्मा झालाय.