पोलोवर मोठ्या गाडीचे कॅलिपर: उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्यानंतरचा अनुभव

मी धुळ्यात राहतो आणि माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय प्रामुख्याने तीन रस्त्यांवर धावते: मुंबई–आग्रा महामार्ग, चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट आणि शहाद्याहून तोरणमाळकडे जाणारा सातपायरी घाट. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी गाडीचे पुढचे ब्रेक बदलून स्कोडाच्या पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचे कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी घर्षणाचे पॅड दाबणारा भाग) आणि त्यांच्या मापाच्या मोठ्या डिस्क बसवल्या. तेव्हापासून गाडी तिन्ही ऋतूंत, रिकामी आणि भरलेली, सपाटीवर आणि घाटात भरपूर चालली आहे. जे हा बदल करण्याचा विचार करत आहेत त्यांच्यासाठी आधीच सांगतो, की या खर्चाचा मोबदला घाटाच्या उतारावर मिळतो. सपाट रस्त्यावर तो जवळजवळ जाणवत नाही.

हे असे का, ते समजून घेतल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणारी, माणसे व सामान धरून 1500 किलो वजनाची गाडी एकदा पूर्ण थांबवताना सुमारे 5.8 लाख जूल ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते, आणि मूळचे ब्रेक हे काम उत्तम करतात. पेडल जोरात दाबले की एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करू लागते, याचा अर्थ टायरची पकड संपेपर्यंत ब्रेकची ताकद संपलेली नसते. टायर तेच राहिले तर मोठी डिस्क लावून गाडी थांबायला लागणारे अंतर कमी होत नाही. घाटातले गणित मात्र वेगळे आहे. तीच गाडी 100 मीटर उंची उतरली की सुमारे 14.7 लाख जूल ऊर्जा मुक्त होते, म्हणजे ताशी 100 किलोमीटरवरून अडीच वेळा थांबण्याइतकी. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. त्या उतरणीतली काही ऊर्जा इंजिन आणि हवा शोषून घेतात, उरलेली बहुतेक पुढच्या दोन डिस्कना सोसावी लागते, आणि वळणांची रांग संपेपर्यंत त्यांना निवायला सवड मिळत नाही. तापलेल्या पॅडचे घर्षण कमी होते आणि ब्रेक ऑइलला उकळी फुटली तर त्यातल्या वाफेमुळे पेडल खोल जाते. मला हवी होती ती ही उष्णता साठवण्याची आणि बाहेर टाकण्याची जास्त क्षमता.

माझ्या गाडीवर मूळच्या 256 मिलिमीटर व्यासाच्या आणि 22 मिलिमीटर जाडीच्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्क होत्या. नव्या डिस्क 288 मिलिमीटर व्यासाच्या व 25 मिलिमीटर जाडीच्या आहेत. त्रिज्या 128 वरून 144 मिलिमीटर झाल्यामुळे तेवढ्याच दाबाला साधारण साडेबारा टक्के किंवा थोडा अधिक रोधक जोर मिळतो, आणि लोखंडाचे वस्तुमान वाढल्यामुळे तेवढ्याच उष्णतेने डिस्क कमी तापते. हातात घेतल्यावर वजनातला फरक सहज कळतो.

कॅलिपर निवडताना सर्वाधिक महत्त्वाचे माप पिस्टनच्या, म्हणजे ऑइलच्या दाबाने पॅड डिस्ककडे ढकलणाऱ्या दट्ट्याच्या, व्यासाचे असते, आणि खरेदी करणाऱ्यांचे नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते. पोलोचा जुना एफएस-3 आणि ऑक्टाव्हियाचा एफएन-3 (ही कॅलिपरच्या प्रकारांची नावे) या दोन्हींचा पिस्टन 54 मिलिमीटरचा असल्यामुळे पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरला पूर्वीइतकेच ऑइल ढकलावे लागते आणि पेडलचा प्रवास बदलत नाही. समजा 57 मिलिमीटरचा पिस्टन निवडला असता, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 11 टक्क्यांनी वाढले असते, तेवढेच अधिक ऑइल लागले असते आणि पेडल लांब व मऊ झाले असते. दिसायला भव्य, अनेक पिस्टनांचे कॅलिपर छोट्या गाडीवर बसवून नंतर पेडलबद्दल हळहळणाऱ्यांच्या अडचणीचे मूळ बहुधा या गणितात असते.

दुसरी अट चाकाच्या बोल्टची. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचे भाग एकमेकांना लागू होतात ही समजूत अर्धीच खरी आहे. पोलोच्या हबवरील (चाक ज्यावर बसते त्या भागावरील) पाच बोल्ट 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, तर स्कोडा लॉराचे म्हणजे दुसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचे, आणि त्या काळातल्या जेट्टाचे 112 मिलिमीटरच्या वर्तुळावर. त्यामुळे या गाड्यांची डिस्क 288 मिलिमीटरची असली तरी ती पोलोच्या हबवर बसत नाही. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचे वर्तुळ पोलोप्रमाणे 100 मिलिमीटरचे आहे. पण त्या एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या प्रकारांवर निरनिराळ्या मापांच्या डिस्क येत असल्यामुळे केवळ गाडीचे नाव विचारून कॅलिपर घेणे धोक्याचे आहे. आम्ही कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट (कॅलिपर धरणारी चौकट) आणि डिस्क हे तिन्ही भाग प्रत्यक्ष गाडीच्या नकलवर, म्हणजे हब धरणाऱ्या भागावर, लावून, चाक हाताने पूर्ण फिरवून आणि पॅड डिस्कच्या कडेबाहेर जात नाही ना हे पाहून मगच व्यवहार पक्का केला. डिस्क आणि पॅड नवे घेतले. जुन्या गाडीची झिजलेली डिस्क वापरण्यात काहीच अर्थ नव्हता.

कॅलिपर वापरलेले असल्यामुळे ते पूर्ण उघडून दुरुस्त करणे अनिवार्य होते. पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले म्हणून पिस्टन, सील आणि धूळरोधक रबर नवे टाकले. त्या चौकोनी छेदाच्या सीलवर दुहेरी जबाबदारी असते: ते ऑइल अडवते, आणि पेडल सोडल्यावर स्वतःच्या लवचिकतेने पिस्टनला किंचित मागे ओढते. सील कडक झाले की पॅड डिस्कला घासत राहतो आणि ब्रेक न लावताही डिस्क तापत राहते. म्हणून सीलचा संच वाचवण्याचा विचारही कोणी करू नये.

बसवण्याच्या कामात आमच्या मिस्त्रींनी दाखवलेली चिकाटी मला फार मोलाची वाटते. डिस्कमागचा मूळचा पत्रा मोठ्या डिस्कला लागत होता. तो कापून फेकण्याऐवजी त्यांनी कडेने वाकवून जागा केली, कारण आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर तो पत्रा खडे आणि चिखल अडवतो. ब्लीडिंगपूर्वी, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढण्यापूर्वी, त्यांनी दोन्ही बाजूंचे निपल (हवा बाहेर सोडण्याची तोंडे) वरच्या टोकाला आहेत याची खात्री करून घेतली, कारण डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली तर निपल खाली जाते आणि वर अडकलेली हवा कितीही ब्लीडिंग केले तरी निघत नाही. ब्रॅकेटचे बोल्ट नवे वापरले, सर्व बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, आणि रबरी होज ताणला जात नाही ना हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहिले. ब्रेक ऑइल डॉट 4 दर्जाचे भरले. या दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, परंतु ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 अंशांवर येते. घाटात नियमित जाणाऱ्याने कॅलिपर बदलले नाहीत तरी चालेल, ऑइल मात्र दोन वर्षांच्या आत बदललेच पाहिजे.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून पहाटे रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगावरून अनेकदा हळूहळू वेग कमी केला आणि गरम ब्रेकवर पेडल दाबून गाडी उभी ठेवण्याचे टाळले. त्यानंतर शहरात आणि महामार्गावर पहिल्या स्पर्शाला किंचित अधिक पकड जाणवली, एवढेच. मे महिन्यात मात्र भरलेली गाडी घेऊन तोरणमाळहून उतरताना फरक स्पष्ट झाला. दुसऱ्या गिअरमध्ये उतरतानाही पूर्वी शेवटच्या वळणांपाशी, भरलेल्या कोणत्याही छोट्या गाडीप्रमाणे, पेडलवर पाय अधिक जोराने ठेवावा लागत असे. आता पहिल्या वळणाला जितका जोर लागतो तितकाच शेवटच्या वळणालाही लागतो. कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरतानाही हाच अनुभव वारंवार आला. शेजारी आई-वडील बसलेले असताना ही सारखेपणाची खात्री मला फार मोठी वाटते, आणि केवळ तेवढ्यासाठी हा खर्च मी पुन्हा करीन.

पावसाळ्यात दुसरी बाजू दिसली. मागचे ड्रम ब्रेक तेच असल्यामुळे एकूण रोधनात पुढच्या चाकांचा वाटा वाढला आहे. शेतरस्त्यांवरून डांबरावर आलेल्या काळ्या मातीच्या चिखलात पूर्वीपेक्षा कमी दाबाला एबीएस चालू होते आणि गाडीचे नाक थोडे अधिक खाली झुकते. यात धोका वाटला नाही, परंतु पायाला नवी सवय लावावी लागली. टायर झिजलेले असतील तर हा बदल पुढे ढकलून ते पैसे आधी टायरवर खर्च करावेत, असे माझे ठाम मत आहे. जड डिस्कमुळे खड्ड्यांत पुढचे चाक थोडे अधिक आदळल्यासारखे वाटते, तेही खरे आहे.

देखभाल नक्कीच वाढली आहे. एफएन-3 कॅलिपरच्या मार्गदर्शक पिना रबरी बुशांमध्ये सरकतात. त्यांना ग्रीस न लावता त्या स्वच्छ आणि कोरड्या ठेवायच्या असतात. आपल्याकडची बारीक धूळ आणि त्यावर पहिल्या पावसाचा चिखल बसला की पिना जड सरकू लागतात आणि आतला पॅड बाहेरच्या पॅडपेक्षा लवकर झिजतो. पावसाळा संपल्यावर माझ्या डाव्या चाकात हा फरक दिसू लागला होता. पिना साफ करून बुश बदलल्यावर झीज पुन्हा सारखी झाली. आता प्रत्येक टायर रोटेशनच्या वेळी चाक निघाले की पिना हाताने सरकवून पाहण्याचा नेम ठेवला आहे.

राखीव चाकाचा विचार आधीच करून ठेवावा. 288 मिलिमीटरच्या डिस्कवर किमान 15 इंची रिम लागते. डिकीतले चाक 14 इंची असेल तर पुढचे टायर पंक्चर झाल्यावर मागचे चाक पुढे आणि राखीव चाक मागे लावावे लागते, म्हणजे रस्त्याच्या कडेला दोनदा जॅक लावावा लागतो. याशिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातील फेरबदलांविषयी आहे, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. मी मूळचे कॅलिपर, ब्रॅकेट आणि डिस्क तेल लावून खोक्यात जपून ठेवले आहेत. गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला कोणते ब्रेक हवेत हे विचारून त्याप्रमाणे बसवून देईन.